लांडगे संपले म्हणून कायोटी आले? हे उत्तर निम्मंच बरोबर आहे

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. न्यू जर्सीत तुमच्या टाउनहाउसमागच्या ओढ्याकाठी कायोटी, म्हणजे लांडग्याचा उत्तर अमेरिकेतला लहान भाऊबंद, दिसला. शेजाऱ्यांचं म्हणणं, हरणं कमी व्हावीत म्हणून सरकारनं, नाहीतर हरणांना धडकलेल्या गाड्यांचे दावे भरून वैतागलेल्या विमा कंपन्यांनी हे प्राणी आणून सोडलेत. तुमचा मुलगा शाळेतून ऐकून आला की लांडगे मारले गेले म्हणून कायोटी पसरले. आणि सोसायटीच्या बैठकीत सापळे लावून एकदाचा निकाल लावायची भाषा सुरू झाली. यातलं खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत मांसाहारी प्राण्यांच्या पाहणीचं काम करतो. म्हणजे कॅमेरा ट्रॅप, विष्ठेचे नमुने, बर्फातले ठसे आणि रस्त्यावर गाडीखाली आलेली जनावरं. आधी निकाल सांगून टाकतो: शेजाऱ्यांची गोष्ट तुमच्या भागाला लागू नाही, मुलाचं उत्तर निम्मं बरोबर आहे, आणि सापळ्यांच्या बेतात पैसे जातील, कायोटी जाणार नाहीत.

पहिल्यांदा त्यांचं मूळ घर. १८०४ मध्ये पश्चिमेचा मुलूख धुंडाळायला निघालेली लुइस आणि क्लार्क यांची मोहीम मिसूरी नदीच्या वरच्या अंगाला पोचली, तेव्हा त्यांना हा प्राणी अनोळखी वाटला आणि त्यांनी त्याची नोंद माळावरचा लांडगा अशी केली. शास्त्रीय वर्णन थॉमस से या निसर्गअभ्यासकानं केलं. १८१९-२० चा हिवाळा त्यांच्या तुकडीनं आजच्या नेब्रास्कात काढला होता. ते वर्णन १८२३ मध्ये छापून आलं. पूर्व किनाऱ्यावर युरोपीय लोक त्याआधी दोनशे वर्षं राहत होते. लांडगा, कोल्हा, अस्वल, प्यूमा सगळ्यांबद्दल त्यांनी भरभरून लिहून ठेवलंय, कायोटीबद्दल काही नाही. अंगणात येऊन कोंबडी नेणारा प्राणी दोनशे वर्षं कोणाच्याच नजरेस पडला नाही असं होत नसतं. तो तिथे नव्हता.

जुन्या पुस्तकांत मात्र एक घोळ होता. त्यातले नकाशे कायोटीला फक्त मधल्या गवताळ मैदानांचा रहिवासी दाखवायचे आणि तिथून तो दोन्ही बाजूंना पसरला असं सांगायचे. जेम्स होडी आणि रोलंड केज यांनी २०१८ मध्ये हे तपासून पाहिलं. संग्रहालयांतले नमुने, उत्खननात सापडलेली हाडं, जुन्या नोंदी असं सगळं एकत्र करून गेल्या दहा हजार वर्षांचा नकाशा मांडला. त्यातून दिसलं की मैदानांपासून थेट कॅलिफोर्नियापर्यंतचा कोरडा, मोकळा पश्चिम भाग हजारो वर्षं कायोटीचाच होता. म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये कायोटी दिसला तर नवखं शहर आहे, कायोटी नाही. खरा विस्तार साधारण १९०० नंतरचा, आणि तो पूर्वेला, उत्तरेला अलास्काकडे आणि दक्षिणेला मध्य अमेरिकेत झाला. १९५० च्या दशकापासून पाहिलं तरी त्यांचा प्रदेश निदान ४० टक्क्यांनी वाढलाय.

आता लांडग्यांकडे. लांडगा कायोटीला दाबून ठेवतो याबद्दल वाद नाही. लेक सुपीरिअरमधल्या आइल रॉयल बेटावर विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कायोटी होते. १९४० च्या दशकाच्या शेवटी गोठलेल्या सरोवरावरून लांडगे तिथे चालत आले आणि दहाएक वर्षांत बेटावरचे कायोटी संपले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ आणि ९६ साली लांडगे परत आणले, तेव्हा लमार खोऱ्याच्या परिसरातले कायोटी काही वर्षांतच जवळपास निम्म्यावर आले. बहुतेक वेळा लांडग्यांनी मारलेल्या जनावरावर कायोटी ताव मारायला येतात आणि तिथेच पकडले जातात. अमेरिकेत लांडगे संपवण्याचं काम सरकारनंच हाती घेतलं होतं. १९१५ पासून काँग्रेस त्यासाठी पैसे मंजूर करत होती. विसाव्या शतकाच्या मध्याला अलास्का सोडून बाकी देशात मिनेसोटाचा ईशान्य कोपरा आणि नुकतेच आइल रॉयलवर पोचलेले काही, जवळपास एवढेच काय ते करडे लांडगे उरले होते.

इथवर तुमच्या मुलाचं बरोबर आहे. अडचण तारखांची आहे. न्यू इंग्लंडमधले, म्हणजे देशाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांतले लांडगे एकोणिसाव्या शतकातच संपले होते. कायोटी तिथे पोचले ते १९३० ते १९५० च्या दशकांत. मधल्या काळात जागा रिकामीच होती. घर रिकामं झालं की भाडेकरू येतोच असं नाही. त्याला पत्ता कळावा लागतो आणि त्याच्या पोटापाण्याची सोय जवळपास व्हावी लागते. लांडगे गेले, हे दार उघडं कसं राहिलं याचं उत्तर झालं. आत कोण, कधी आणि कुठल्या वाटेनं आलं ते त्यातून कळत नाही.

पोटापाण्याची सोय माणसानं केली. पूर्वेची घनदाट जंगलं शेतीसाठी तुटली, मग शेतकरी मध्यपश्चिमेच्या सुपीक जमिनीकडे आणि गिरण्यांच्या गावांकडे गेले, पडीक शेतांवर झुडपं वाढली आणि कोवळी जंगलं परत आली. अशा अर्धवट मोकळ्या, अर्धवट झाडीच्या मुलखात उंदीर, ससे, ग्राउंडहॉग मुबलक. त्यात भर पांढऱ्या शेपटीच्या हरणांची. १९०० च्या आसपास शिकारीनं ती जवळजवळ संपली होती. मग कायद्यानं संरक्षण मिळालं आणि आज तुमच्या अंगणातली होस्टाची पानं कोण खातं हे तुम्हाला माहीतच आहे.

राहिला पत्ता. इथे मी माझ्या कामातली एक सवय सांगतो, कारण तिच्याशिवाय या विस्ताराच्या तारखा नीट वाचता येत नाहीत. आम्ही कुठल्याही जिल्ह्याची ‘पहिली नोंद’ फार मनावर घेत नाही. कायोटीची पिल्लं साधारण पहिल्या हिवाळ्याच्या सुमाराला घर सोडतात आणि त्यातली काही शंभर-दोनशे किलोमीटर जातात. त्यामुळे पसरत चाललेल्या कायोटींच्या आघाडीच्या पुष्कळ पुढे एखादा तरुण नर दिसतो, गाडीखाली येतो किंवा गोळी खातो, आणि वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. तो आला म्हणजे कायोटी आले असं होत नाही. शिवाय त्या काळी कोणी हौसेनं पश्चिमेहून पिल्लू आणायचा, ते मोठं झालं की सोडून द्यायचा. न्यू जर्सीतली पहिली नोंद १९३९ ची, हंटरडन काउंटीतली. तो प्राणी चालत आला की कोणाच्या गाडीतून, हे त्या एका नोंदीवरून ठरवता येत नाही. मी विचारतो ते दुसरं: मादी कधी सापडली? दुधाची मादी, पिल्लं, वापरातली गुहा कधी? आणि त्यानंतर दर वर्षी सापडत राहिली का? हे निकष लावले की तारखा बऱ्याचदा दोन-दोन दशकं पुढे सरकतात, आणि विखुरलेल्या ठिपक्यांमधून पुढे सरकणारी एक सलग रेघ दिसायला लागते. आणून सोडलेल्या प्राण्यांचा नकाशा असा नसतो. तिथे मधेच एक बेट उठतं आणि आजूबाजूला काहीच नसतं.

ईशान्येत ती रेघ स्पष्ट आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, तिथून पंचमहासरोवरांच्या उत्तरेनं ओंटारिओ, मग सेंट लॉरेन्स नदी ओलांडून उत्तर न्यूयॉर्क, अॅडिरॉन्डॅक, व्हरमाँट, मेन. १९८० च्या दशकाच्या मध्याला तर ते समुद्रातल्या बर्फावरून न्यूफाउंडलंड बेटावरही पोचले. न्यू जर्सीपर्यंत पोचलेले कायोटी उत्तरेकडून आणि पेनसिल्व्हेनियाकडून, आपल्या पायांनी आले. विमा कंपनीची गोष्ट मी पूर्वेकडच्या बहुतेक प्रत्येक राज्यात ऐकलीय, कागद मात्र कोणी दाखवलेला नाही.

ओंटारिओत जे घडलं ते या सगळ्या कथेतलं मला सर्वांत रंजक वाटणारं प्रकरण. आघाडीवर पोचलेल्या प्राण्याची मुख्य अडचण भूक नसते, जोडीदार नसतो ही असते. तिथे अल्गोंक्विन उद्यानाच्या बाजूचे पूर्वेकडचे लांडगे (करड्या लांडग्याहून लहान, वेगळे) शिल्लक होते, पण इतके विरळ की त्यांनाही आपल्यातला जोडीदार मिळेना. एरवी लांडग्यानं ज्याला मारलं असतं त्याच्याशी त्यानं संसार मांडला. केज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कवट्या आणि जनुकं तपासून दाखवलं की सरोवरांच्या उत्तरेनं, लांडग्यांशी संकर होऊन आलेली आघाडी ही ओहायोतून संकराशिवाय आलेल्या आघाडीच्या पाचपट वेगानं सरकली. दोन्ही आघाड्या पश्चिम न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाच्या पट्ट्यात एकमेकींना भेटल्या. उत्तरेच्या वाटेनं आलेल्यांच्या कवट्या मोठ्या आणि रुंद. २०१४ च्या एका अभ्यासात ईशान्येकडच्या कायोटींचा वंश सरासरी ६२ टक्के पश्चिमेकडचा कायोटी, १४ टक्के पश्चिमेकडचा लांडगा, १३ टक्के पूर्वेकडचा लांडगा आणि ११ टक्के पाळीव कुत्रा असा निघाला.

म्हणूनच तुम्हाला दिसलेला प्राणी टीव्हीवरच्या वाळवंटातल्या कायोटीपेक्षा थोराड वाटला असेल. पश्चिमेला दहा ते पंधरा किलो नेहमीचे. आमच्याकडे पंधरा ते वीस. पण ‘कायवुल्फ’ (कायोटी आणि वुल्फ म्हणजे लांडगा, यांची सांगड) हा शब्द बातम्यांत वाचला असेल तर तो विसरा. हा काही नवा प्राणी नाही. लांडग्याचा अंश कुठे कमी, कुठे जास्त, आणि दक्षिणेकडे जावं तसा उतरत जाणारा. लांडग्याच्या जनुकांमुळेच ते हरणं मारू लागले आणि म्हणून पसरले, असं ठासून सांगणाऱ्यांशी मी अर्धाच सहमत आहे. मोठा जबडा हरणावर उपयोगी पडतो हे खरं. पण मुख्य फायदा मला साधा वाटतो: आघाडीवर एकटा पडलेला प्राणी वीण न घालता मरण्याऐवजी एक वेत वाढवून गेला, आणि ती पिल्लं पुढच्या वर्षी पन्नास किलोमीटर पुढे गेली. वेग तिथून आला.

कुत्र्याचा अंश कुठून आला असंही लोक विचारतात. तोही त्याच एकटेपणातून, सुरुवातीच्या वर्षांत. पुढे कायोटी वाढले की तो मार्ग बंद होतो, कारण कुत्रा बाप म्हणून कुचकामी. कायोटीचा नर मादीला आणि पिल्लांना खाऊ घालतो, राखण करतो. कुत्रा निघून जातो. शिवाय अशा संकरित प्राण्यांचा वीण घालायचा हंगाम पुढेमागे होऊन पिल्लं ऐन थंडीत जन्माला येतात, आणि ती व्हरमाँटच्या जानेवारीत कशी जगणार?

दक्षिणेकडची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे तुमच्या शेजाऱ्यांच्या अफवेला थोडासा आधारही सापडतो. कायोटी मिसिसिपी नदी ओलांडून आग्नेयेकडच्या राज्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरले. उत्तर फ्लोरिडात १९७० च्या दशकात. पण त्या भागात शिकारी कुत्र्यांना कोल्ह्यामागे पळवण्याचा खेळ जुना आहे. कुंपण घातलेल्या मोठ्या आवारांत त्यासाठी बाहेरून जनावरं आणत, त्यात कायोटीही असत, आणि काही निसटले किंवा सोडले गेले. तरी एकूण विस्तारात त्याचं वजन कमी. त्या सोडलेल्यांनी काही ठिकाणी लाट थोडी आधी पोचवली, लाट मात्र पश्चिमेकडून येतच होती.

उत्तरेत संकरानं कायोटीला पुढे ढकललं, दक्षिणेत त्याच संकरानं लाल लांडग्याला, म्हणजे आग्नेयेकडच्या वेगळ्या लांडग्याला, गिळलं. टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्यावर उरलेले लाल लांडगे १९७० च्या दशकात कायोटींत इतके मिसळून गेले होते की चारशेहून अधिक प्राणी पकडून तपासल्यावर वीण घालण्यासाठी भरवशाचे फक्त १४ मिळाले. १९८० मध्ये तो रानातून नामशेष जाहीर झाला आणि १९८७ पासून नॉर्थ कॅरोलिनात परत सोडला जातोय. तिथेही आजूबाजूला कायोटीच. म्हणून ‘लांडगे गेले, मग कायोटी आले’ हा क्रमही सगळीकडे सरळ नाही. काही ठिकाणी उरलेसुरले लांडगे कायोटींतच विरघळले.

मध्य अमेरिकेत लांडगा कधी नव्हताच, म्हणजे मुलाच्या उत्तराला तिथे काही कामच नाही. तिथे जंगल तोडून गुरांची कुरणं झाली, प्यूमा आणि जग्वार मागे हटले, आणि उघड्यावरच्या या प्राण्याला दक्षिणेकडे जायला रस्ता मिळाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पनामाच्या पश्चिम टोकाला होते. पुढे ते कालव्याच्याही पलीकडे कॅमेऱ्यात दिसले. आता त्यांच्यापुढे पनामा-कोलंबिया सीमेवरचं दारिएनचं जंगल आहे आणि त्यापलीकडे दक्षिण अमेरिका. गंमत म्हणजे दक्षिण अमेरिकेतला खेकडेखाऊ कोल्हा त्याच तोडलेल्या जंगलातून उलट्या दिशेनं पनामात शिरलाय. दारिएनचं जंगल सलग राहिलं तर कायोटी अडतील, तुटत गेलं तर कोलंबिया गाठतील असा माझा अंदाज.

तुम्ही ‘आपल्या कोल्ह्यासारखाच दिसतो’ असं लिहिलंय म्हणून जाता जाता: आपल्याकडचा सोनेरी कोल्हा सध्या युरोपात हेच करतोय. बाल्कनमधून तो डेन्मार्क, एस्टोनियापर्यंत गेला आणि २०२० मध्ये नॉर्वेत, उत्तर ध्रुववृत्ताच्या वर त्याचं चित्रण झालं. तिथेही लांडग्यांचा छळ हे एक कारण देतात. पण पुणे-सोलापूरकडच्या माळरानांवर लांडगा आणि कोल्हा दोघंही नांदतात हे तुम्हाला ठाऊक असेल, तेव्हा एका कारणावर सगळा भार टाकताना मी तरी जपून असतो.

शहरांचं विचाराल तर रेल्वेमार्ग, नदीकाठ, गोल्फचं मैदान, दफनभूमी हे त्यांचे रस्ते. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्समध्ये ते १९९० च्या दशकाच्या मध्यापासून आहेत. १९९९ आणि २००६ मध्ये एकेकटा कायोटी सेंट्रल पार्कापर्यंत आला. शिकागोत स्टॅनली गेर्ट आणि त्यांचे सहकारी २००० सालापासून कायोटींच्या गळ्यात पट्टे बांधून मागावर आहेत. हजाराहून जास्त प्राण्यांना त्यांनी खुणा केल्यात. त्यांच्या कामातून दिसतं की शहरी कायोटी मुख्यतः उंदीरवर्ग, ससे, हरणं आणि फळं खातो. मांजरं आणि कचरा अगदी थोडा. आणि मरतो तो बहुतांशी गाडीखाली.

आता सापळे. अमेरिकन सरकारनं दुसऱ्या महायुद्धानंतर १०८० नावाचं विष वापरून पश्चिमेत कायोटी मारले. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर ते थांबवलं. आजही सरकारी यंत्रणा दर वर्षी हजारोंच्या संख्येनं कायोटी मारते. ज्या काळात ही मोहीम जोरात होती त्याच काळात त्यांचा प्रदेश वाढला. लांडगा त्याआधीच विषाला आणि सापळ्यांना बळी पडला होता, कारण तो कळपावर अवलंबून, मोठ्या शिकारीवर अवलंबून, आणि त्याची वीण सावकाश. कायोटीत दाटी कमी झाली की उरलेल्या माद्या लहान वयात आणि जास्त प्रमाणात व्यायला लागतात, वेतं मोठी होतात, आणि खायला पुरेसं असल्यानं पिल्लं जगतात. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात केलेल्या एका गणितानुसार दर वर्षी ७५ टक्के कायोटी मारत राहिलं तर ते संपायला पन्नासहून अधिक वर्षं लागतील. त्या हिशेबात बाहेरून कोणी येणार नाही असं धरलंय. तुमच्या ओढ्याला तर दोन्ही बाजू उघड्या आहेत.

एका ठिकाणी मारण्याला अर्थ असतो: माणसाला न भिणारा, दिवसाढवळ्या पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्यावर येणारा एखादा ठरावीक प्राणी. तो हटवावा, आणि ते काम राज्याच्या वन्यजीव विभागाचं आहे. बाकीच्या जोडीला सुखानं राहू देण्यात तुमचाच फायदा, कारण जमलेली जोडी आपल्या हद्दीत दुसऱ्यांना शिरू देत नाही. ती मारलीत तर तिच्या जागी चारपाच भटके तरुण येतील, हद्दीवरून भांडतील, आणि त्यांच्या सवयी तुम्हाला ठाऊक नसतील. उत्तर अमेरिकेत कायोटीनं माणूस मारल्याच्या नोंदी दोनच आहेत, १९८१ ची कॅलिफोर्नियातली आणि २००९ ची नोव्हा स्कोशियातली. मुलांना घाबरवण्याची गरज नाही. लहान कुत्रा आणि मांजर मात्र संध्याकाळनंतर मोकळं सोडू नका.

सोसायटीच्या बैठकीत मांडायचंच असेल तर हे मांडा: पक्ष्यांच्या खाद्याखाली सांडलेले दाणे उचलायचे, कारण त्यावर उंदीर येतात. कुत्र्यामांजरांच्या ताटल्या बाहेर ठेवायच्या नाहीत, झाडाखालची सफरचंदं गोळा करायची, कचऱ्याचे डबे बंद ठेवायचे. कायोटी थांबून बघत उभा राहिला तर हात वर करून मोठ्यानं ओरडायचं, टाळ्या वाजवायच्या, तो निघून जाईपर्यंत. पाठ फिरवून पळायचं नाही. एप्रिल ते जून पिल्लांचा काळ, त्या दिवसांत नर-मादी तुमच्या कुत्र्याच्या मागोमाग थोडं अंतर चालत येतील. ते गुहेपासून तुम्हाला दूर घालवत असतात. कुत्र्याचा पट्टा आखडून धरा, दुसऱ्या वाटेनं घरी जा आणि महिनाभर ओढ्याकडचा फेरा टाळा.